न्यायाधीश झालेला शास्त्रज्ञ : सर विल्यम ग्रोव्ह

वेल्समधील स्वानसी गावी ११ जुलै १८११ रोजी विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून १८३५ साली ते बॅरिस्टर झाले. पण प्रकृती साथ देईना. वकिली मागे पडली व प्रयोगशाळा जवळची झाली. १८३९ साली त्यांनी जस्त व प्लॅटिनमचा जोरकस विद्युत्‌घट बनविला. अमेरिकेतील तारायंत्रे पुढे काही काळ त्यावर चालली. १८४१ मध्ये ते लंडन इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले.

विजेने पाण्याचे पृथक्करण होते, हे तेव्हा सर्वांना ठाऊक होते. ग्रोव्ह यांनी उलट प्रश्न केला : हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे पाणी होताना वीज मिळेल काय? सौम्य सल्फ्युरिक अम्लात त्यांनी दोन नळ्या उपड्या ठेवल्या. एकीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन आणि दोहोंत प्लॅटिनमच्या पट्ट्या. वीज वाहू लागली, पण अगदी थोडी. १८४२ साली त्यांनी असे ५० घट जोडले. पाण्याचे पृथक्करण करण्यासच निदान २६ घट लागत. वायू, द्रव व धातू जेथे एकमेकांस भिडतात तेथेच क्रिया घडते, हे त्यांनी अचूक हेरले. म्हणून पट्ट्यांवर प्लॅटिनमचा खरबरीत थर चढवून पृष्ठभाग वाढविला.

पुढे संसार वाढला, प्राध्यापकी पुरेना. १८४६ साली ती सोडून ते वकिलीकडे परतले. १८७१ मध्ये न्यायाधीश व १८७२ मध्ये ‘सर’ झाले. १ ऑगस्ट १८९६ रोजी ते वारले, तोवर त्यांच्या वायुघटाचा व्यवहारात उपयोग झाला नव्हता.

१९११ साली डरहॅमचे वनस्पतिशास्त्रज्ञ पॉटर यांनी सूक्ष्मजंतूंपासून वीज मिळविली. सांडपाण्यातील मळ खाऊन वीज देणारे आजचे सूक्ष्मजैविक इंधनघट त्याच वाटेवरचे. मात्र अडचण ग्रोव्ह यांचीच आहे. वीज देणारे जंतू विद्युत्‌अग्राच्या पृष्ठभागावर वसतात. भांड्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली, तर पाणी आठपट मावते, पृष्ठभाग मात्र चौपटच होतो. म्हणून एक मोठा हौद बांधण्याऐवजी आटोपशीर घट शेजारी शेजारी जोडावे लागतात. त्यांतला एक दुबळा निघाला, तरी साऱ्या मालेची वीज घटते.

न्यायासनावर बसलेल्या या माणसाने मांडलेला पृष्ठभागाचा प्रश्न अजून निकालात निघालेला नाही. तो पुढे चालविणे आता प्रयोगशाळेत शिकणाऱ्यांकडे आहे.