काचेच्या पेटीतील पाहुणे : फिलिप हेन्री गॉस

समुद्राचे पाणी काचेच्या पेटीत भरून घरी जीव पाळणे ही आज काही नवलाची गोष्ट नाही. पण दगडाला किंवा समुद्रशेवाळाला चिकटून आलेला, आपण न सोडलेला एखादा इवलासा जीव त्या पेटीत एकाएकी दिसला, तर पाहणारा आजही थबकतो. हा आनंद ज्याने हजारो घरांत नेला, त्या देवभीरू इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाची ओळख आम्ही वाचकांस करून देत आहो.

गॉस १८१० साली वुस्टर येथे जन्मले. वडील गावोगाव हिंडून लहान चित्रे रंगवीत. घरात पैशांची चणचण. सतराव्या वर्षी ते न्यूफाउंडलंडमध्ये एका पेढीवर कारकून झाले. पुढे कॅनडात शेती केली, ती फसली. मग अलाबामात शाळा शिकविली. वडिलांकडून आलेला चित्रकलेचा हात मात्र जन्मभर कामी आला.

१८५२ साली प्रकृतीसाठी ते डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले. ओहोटीच्या वेळी हातोडी-छिन्नी घेऊन ते खडकांत शिरत आणि समुद्रफुले दगडाच्या ढलपीसकट घरी आणीत. वनस्पती आणि प्राणी बेताने एकत्र ठेवले तर पाणी टिकते, हे वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये गोड्या पाण्यात दाखविले होते. गॉस यांनी खाऱ्या पाण्यात तेच साधले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले, त्यासाठी त्यांनी जीव पुरविले. १८५४ च्या त्यांच्या पुस्तकाने तर ‘ॲक्वेरियम’ हा शब्दच रूढ केला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी मीठ व इतर क्षार मिसळून समुद्राचे पाणी घरी कसे तयार करावे, हेही त्यांनी सांगितले.

त्यांच्या टाकीत नळीत राहणारा एक किडा होता. नळीच्या तोंडाशी पिसाऱ्यासारखा तुरा पसरणारा. त्या नळीच्या काठावर त्यांना काही सूक्ष्म आकृती दिसल्या. भिंगातून पाहतात तो एक डोके, दोन हात, आणि अंग वाकवून चाललेल्या हालचाली. जणू माणसांचीच रांग! प्राचीन रोमी लोक घरात ज्या गृहदेवता ठेवीत, त्यांच्यावरून गॉस यांनी या जीवाला ‘लार’ हे नाव दिले व १८५७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मूर्तिपूजेचा इतका तिटकारा असलेल्या माणसाने हे नाव निवडावे, याची आम्हास गंमत वाटते. हा जीव म्हणजे एका चिमुकल्या जेलीफिशची आधीची अवस्था, हे पुढे संशोधकांना कळले.

त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत त्यांची पत्नी एमिली कर्करोगाने वारली. आठ वर्षांच्या एडमंडला घेऊन ते टॉर्कीजवळील सेंट मेरीचर्च येथे राहावयास गेले व तेथील ब्रदरन मंडळीची सेवा करू लागले. त्याच वर्षी त्यांनी एक धाडस केले. देवाने सृष्टी घडविली ती भूतकाळाच्या खुणांसहच, म्हणून खडकांतील जीवाश्म हे जगाच्या वयाचा पुरावा नव्हेत, असा ग्रंथ त्यांनी लिहिला. शास्त्रज्ञ हसले. ख्रिस्ती मित्रांनाही तो पटला नाही. देव खडकांत खोटे लिहून ठेवील, हे त्यांना मानवेना. आमच्या मते येथे गॉस चुकले. जो मनुष्य नळीच्या काठावरचा ठिपकाही डोळ्यांआड करीत नसे, त्याने खडकांची साक्ष मात्र बाजूस सारली.

दुसरे दुःख किनाऱ्यावर होते. त्यांची पुस्तके वाचून लोकांच्या झुंडी डेव्हनला आल्या. डबक्यांतील समुद्रफुले खरवडली गेली, पेट्यांत भरली गेली आणि बहुतेक घरी जाऊन मेली. युगानुयुगे जपले गेलेले ते कुंड थोड्याच वर्षांत ओसाड झाले. एडमंडने १९०७ च्या आपल्या आत्मचरित्रात हे लिहिले आहे. या नासाडीला आपली पुस्तके कारण झाली, याची वडिलांना फार खंत होती, असे तो सांगतो.

म्हातारपणी गॉस पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळले. थेंबभर पाण्यात राहणाऱ्या रोटिफर नावाच्या जीवांवर हडसन यांच्याबरोबर त्यांनी मोठा ग्रंथ केला. तो १८८६ पासून निघू लागला. प्रभू आपल्या हयातीतच परत येईल, ही त्यांची आशा शेवटपर्यंत टिकली. २३ ऑगस्ट १८८८ रोजी सेंट मेरीचर्च येथे ते वारले.