सफरचंदाच्या फोडी आणि गार हवा

गेल्या वर्षी जूनमध्ये आईला घेऊन धाकट्या भावाकडे अमेरिकेला गेले होते. बफेलो हे न्यूयॉर्क राज्यातलं, ईरी तलावाच्या काठावरचं गाव. बर्फासाठी प्रसिद्ध. म्हणून मी बॅगेत आमच्या दोघींचे स्वेटर कोंबले होते. पोचलो तर काय, घामाच्या धारा!

भावाचं घर जुनं, लाकडी, माडीचं. प्रत्येक खोलीत खिडकीखाली बिडाचा अगडबंब रेडिएटर. तळघरातल्या बॉयलरमधलं गरम पाणी त्यात फिरतं आणि हिवाळ्यात घर छान उबदार राहतं. उन्हाळ्याची सोय मात्र शून्य. एरवी तिथला उन्हाळा सुसह्य असतो म्हणे, पण त्या आठवड्यात पारा 33 अंशांवर गेला. शिवाय दमटपणा. चौथ्या रात्री माडीवरच्या खोलीत आईला गरगरलं. वय 76, त्यात रक्तदाब. रात्री दोन वाजता भावाने तिला दवाखान्यात नेलं. सकाळी घरी सोडलं, पण डॉक्टरांनी बजावलं की यांना गार खोलीतच ठेवा. आईने मात्र लगेच परतीचं तिकीट काढायला सांगितलं. भाऊ काही बोलला नाही. तीन वर्षांनी आई आली होती हो त्याच्याकडे.

दुसऱ्या दिवशी एसीवाला घर बघायला आला. त्याने सांगितलं की गरम हवेवर चालणाऱ्या घरांत भिंतींतून पत्र्याचे डक्ट आधीच गेलेले असतात, त्यांतूनच गार हवाही सोडता येते. रेडिएटरच्या घरात डक्टच नाहीत. म्हणजे भिंती फोडा, नाहीतर माळ्यावरून बारीक नळ्या आणा, नाहीतर भिंतीवर स्प्लिट एसी लावा. भिंती फोडायचं नाव काढताच वहिनी कावरीबावरी झाली. तेव्हा मी आपली एक भाबडी शंका काढली. रेडिएटरमध्ये गरम पाणी फिरतंच ना, मग उन्हाळ्यात तेच पाणी थंड करून फिरवलं तर?

एसीवाला हसला. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम फुटतो, तसा त्या बिडाला फुटेल आणि लाकडी जमीन कुजेल, असं म्हणाला. शिवाय थंड हवा जड, ती खालीच बसून राहणार. मी ओशाळले. पण तो गेल्यावर भाऊ म्हणाला, ताई, तू विचारलंस तेच एका माणसाने खरोखर केलं होतं आणि तेही याच गावातल्या कारखान्यात नोकरीला असताना. त्याचं नाव विलिस कॅरिअर.

एसीवर हे नाव मी वाचलं होतं, पण ते कुणा माणसाचं आडनाव असेल असं कधी मनातही आलं नव्हतं! मग आईला वाचनालयाच्या गार हॉलमध्ये बसवायची आणि तिच्या शेजारी बसून मी या माणसाबद्दल वाचायची, असा आमचा दुपारचा कार्यक्रमच झाला.

विलिसचा जन्म 26 नोव्हेंबर 1876 चा, बफेलोजवळच्या अँगोला गावातल्या शेतकरी घरातला. घरात हे एकटंच मूल, बाकी सगळी मोठी माणसं. आई एलिझाबेथ हुशार बाई. घड्याळं, शिवणयंत्र, घरातलं जे बिघडेल ते स्वतः दुरुस्त करायची. मुलाला शाळेत अपूर्णांक काही केल्या कळेनात. तेव्हा तिने तळघरातून सफरचंदं आणायला लावली आणि त्यांचे अर्धे, पाव, अर्धपाव असे तुकडे करून त्यांचीच बेरीज-वजाबाकी करून दाखवली. कुठलाही मोठा प्रश्न असा फोडी करून सोडवायचा असतो हे आपण त्या दिवशी शिकलो, असं तो म्हातारपणापर्यंत सांगत असे. तो अकरा वर्षांचा असताना आई गेली. मला वाटतं, पोराला पुरेल एवढी शिदोरी ती बांधून देऊन गेली.

पुढे परिस्थिती बेताची. शिकायला पैसे नाहीत म्हणून त्याने काही वर्षं मास्तरकी केली. मग कॉर्नेल विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली, तरी वरखर्चासाठी लोकांच्या अंगणातलं गवत कापलं, शेगड्या पेटत्या ठेवल्या, एका मित्राबरोबर विद्यार्थ्यांची सहकारी लाँड्रीसुद्धा चालवली. 1901 मध्ये इंजिनिअर होऊन तो बफेलो फोर्ज कंपनीत लागला, आठवड्याला 10 डॉलर पगारावर. काम काय, तर लाकूड आणि कॉफी वाळवायची, गरम हवेची यंत्रं आखायची. म्हणजे गार हवेचा हा जनक मुळात गरम हवेचा माणूस!

1902 मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्याची तक्रार त्याच्याकडे आली. रंगीत छपाईत कागद एकेका रंगासाठी पुन्हापुन्हा यंत्रातून जातो. दमट हवेत कागद फुगायचा, कोरड्या हवेत आकसायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचेच नाहीत. पावसाळ्यात पापड करायला घेतलेल्या बाईला हे दुःख वेगळं सांगायला नको. विलिसने कंपनीचीच वाफेची गरम कॉइल घेतली, तिच्यात वाफेऐवजी थंड पाणी सोडलं आणि पंख्याने तिच्यावरून हवा फिरवली. हवेतलं बाष्प थंड नळ्यांवर दवासारखं साचलं आणि हवा कोरडी झाली. म्हणजे जो घाम आमच्या एसीवाल्याला नको होता, तोच विलिसला हवा होता! आर्द्रता वर्षभर 55 टक्के राखायची, असं गणित त्याने मांडलं. तेव्हा तो पंचविशीत होता. त्याच वर्षी त्याचं लग्नही झालं.

गंमत बघा, ही सगळी खटपट कागदासाठी होती. घामाघूम होणाऱ्या कामगारांचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता.

त्याच वर्षाच्या शेवटी पिट्सबर्गच्या स्टेशनवर धुक्यात गाडीची वाट बघताना त्याला सुचलं की पाण्याच्या बारीक फवाऱ्यातून हवा नेली आणि त्या पाण्याचं तापमान आपल्या हातात ठेवलं, तर हवेत किती बाष्प ठेवायचं हेही आपल्याच हातात येईल. हवा कोरडी करायला पाणी फवारायचं, ऐकायला किती उलटं वाटतं! 1906 मध्ये या यंत्राचं पेटंट मिळालं. नंतर जपानमध्ये योकोहामाच्या रेशीम गिरणीतही त्याची यंत्रणा गेली. 1911 मध्ये त्याने हवा, उष्णता आणि बाष्प यांची सूत्रं अभियंत्यांपुढे मांडली, आजही त्या शास्त्राचा तो पाया मानतात.

घरात मात्र आघात. 1912 मध्ये पहिली पत्नी गेली. 1915 मध्ये, युद्धाच्या दिवसांत, कंपनीने त्याचा विभाग बंद करायचं ठरवल्यावर सहा सहकाऱ्यांना घेऊन त्याने स्वतःची कंपनी काढली. माणूस मोठा विसरभोळा. एकदा परगावी जाऊन बॅग उघडली तर आत फक्त हातरुमाल, अशी गोष्ट सांगतात. दुसरी पत्नी 1939 मध्ये वारली. पुढे त्याने तिसरं लग्न केलं.

माणसांच्या वाट्याला गारवा आला तो खरा 1925 मध्ये, न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात. पहिल्या खेळाला यंत्र उशिरा सुरू झालं. प्रेक्षक, विशेषतः बायका, हातपंख्यांनी वारा घेत बसलेल्या. मग हळूहळू एकेक पंखा मांडीवर विसावत गेला. विलिस मागे उभा राहून पडद्याकडे नाही, त्या पंख्यांकडे बघत होता. मला हा प्रसंग फार आवडला.

घरासाठी म्हणाल तर 1914 मध्ये मिनिआपोलिसच्या एका श्रीमंताच्या हवेलीत त्याने यंत्र बसवलं होतं, तब्बल 20 फूट लांब! 1928 मध्ये घरगुती यंत्र आणलं, पण लगेच मंदी आली. घरोघरी एसी पोचले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. ती लाट पुरती बघायच्या आतच, 7 ऑक्टोबर 1950 रोजी, तो गेला. त्याचं चरित्र लिहिलं त्याच्या कंपनीतल्या मार्गारेट इंगल्स या बाईंनी, त्याही इंजिनिअर.

सगळंच गोड नाही. एसी आतली उष्णता बाहेर ओततो. मी ज्या वस्तीत काम करते तिथे पत्र्याच्या खोल्यांत मे महिन्यात बायका दुपारभर दारात बसून असतात आणि शेजारच्या इमारतीच्या एसींचा गरम झोत त्यांच्याच गल्लीत येतो. त्याचं उत्तर विलिसकडे नव्हतं.

भावाने शेवटी भिंती न फोडता माडीवरच्या दोन खोल्यांत स्प्लिट बसवले. रेडिएटर हिवाळ्यासाठी जागच्या जागी राहिले. आईने तिकिटाचा विषय परत काढला नाही. निघायच्या आदल्या रविवारी आम्ही बफेलोच्या फॉरेस्ट लॉन दफनभूमीत जाऊन विलिसची कबर बघून आलो, तिन्ही पत्नी शेजारीच आहेत. रात्री आईच्या खोलीत डोकावले तर ती मी आणलेला स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून झोपली होती. सकाळी तक्रार काय, तर तुमच्या त्या यंत्राने रात्रभर कुडकुडायला झालं!