कड्यात मिसळलेली घरे

लोणी काळभोरला सोलापूर रस्ता सोडून रामदऱ्याची वाट धरली की थोड्याच वेळात गाव मागे पडते. माळ, बोडक्या टेकड्या आणि मग एकदम झाडी, पाणी आणि त्यात देऊळ. उद्या अशा ठिकाणी वनोद्यान करायचे ठरले तर येणाऱ्यांसाठी एक केंद्र लागेलच. नकाशा, पिण्याचे पाणी, सावलीत टेकायला जागा, एवढी सोय हवीच. पण ते केंद्र कसे दिसेल? आपल्या डोळ्यांपुढे सवयीनेच रंगीत कमान उभी राहते, सिमेंटचा वाघ आणि कचऱ्यासाठी तोंड वासून बसलेला ससाही. जंगल पाहायला आलेल्या माणसाला आधी दिसते ती इमारत.

हाच प्रश्न अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका चित्रकला शिक्षिकेपुढे आला होता. मेरी कोल्टर हे तिचे नाव. राज कपूर यांची राजबाग जिथे होती, त्या लोणीतल्या जागेवर आज वास्तुकलाही शिकवली जाते. निदान तिथल्या मुलामुलींना तरी या बाईंची ओळख असावी.

मेरीचा जन्म १८६९ चा, पिट्सबर्गचा. बालपण मात्र सेंट पॉल या थंडगार गावात गेले. कोणा नातलगाने घरी सू जमातीच्या कैद्यांनी काढलेली चित्रे आणून दिली होती. पुढे त्या लोकांच्या वस्तीत देवीची साथ आली, तेव्हा आईने संसर्गाच्या भीतीने घरातली त्यांची प्रत्येक वस्तू जाळली. पोरीने चित्रे गादीखाली दडवली, म्हणून वाचली. ही चित्रे तिने जन्मभर सांभाळली आणि १९५६ साली एका संग्रहालयाला देऊन टाकली.

वडील लवकर गेले. सॅन फ्रान्सिस्कोला कलाशिक्षण घेऊन मेरी परतली आणि आई व बहिणीचा भार उचलत पंधरा वर्षे शाळेत शिकवत राहिली. १९०२ मध्ये फ्रेड हार्वे कंपनीने तिला सजावटीचे काम दिले. ही कंपनी सांता फे रेल्वेच्या मार्गावर भोजनगृहे आणि हॉटेले चालवत असे. रेल्वे १९०१ साली थेट ग्रँड कॅन्यनच्या काठाशी पोहोचली होती. दीड किलोमीटरहून खोल अशी ती दरी पाहायला माणसे लोटणार, त्यांना बसवायचे कुठे, ही रेल्वेची चिंता होती.

कोल्टरबाईंचे पहिले मोठे उत्तर म्हणजे १९०५ चे 'होपी हाऊस'. होपी लोकांच्या जुन्या गावातल्या घरांवरून बेतलेले, पायऱ्यापायऱ्यांचे. बांधणारे हातही बहुतेक होपींचेच. समोरच एल टोव्हार हे टोलेजंग हॉटेल होते. त्याच्याशी स्पर्धा करण्याचा मोह बाईंना झाला नाही.

१९१४ मध्ये त्यांनी दोन इमारती उभ्या केल्या. 'लुकआउट स्टुडिओ' तर कड्याच्या अगदी टोकावर आहे. छताची रेषा मुद्दाम वेडीवाकडी, भिंती तिथल्याच खडकाच्या. दुरून पाहिले तर कडा कुठे संपतो आणि घर कुठे सुरू होते ते चटकन कळत नाही. दुसरी 'हर्मिट्स रेस्ट'. तिथल्या भल्या मोठ्या शेकोटीच्या दगडांना बाईंनी काजळी फासायला लावली. रेल्वेच्या मंडळींनी थट्टा केली, की नव्या जागेची साफसफाई तरी करा. जागा इतकी जुनी दिसावी म्हणून किती खर्च आला आहे, हे बाईंनी त्यांना ऐकवले.

दरीच्या तळाशी 'फँटम रँच' झाले ते १९२२ साली. दगड तिथलाच, बाकी प्रत्येक फळी आणि खिळा खेचरांच्या पाठीवरून उतरवलेला.

पण त्यांचे खरे कसब पाहावे ते १९३२ च्या टेहळणी बुरुजात. उंची ७० फूट. आधी त्यांनी विमानातून फिरून जुन्या लोकांचे पडके बुरूज हुडकले, मग मातीची छोटी प्रतिकृती केली. आत पोलाद आणि काँक्रीटचा सांगाडा आहे, तोही रेल्वेचे पूल बांधणाऱ्यांनी घातलेला. बाहेर मात्र अनघड दगड. छिन्नी लावली तर ऊनपावसाने रापलेला पृष्ठभाग जाईल, म्हणून दगड घडवायचा नाही, तसाच जुळेल असा निवडायचा. आपल्याकडच्या गवंड्याला हे काम फार जिकिरीचे वाटले असते, आणि तिथल्यांनाही वाटले. मनासारखी न बसलेली भिंत बाई पुन्हा उतरवायला लावत. डोक्यावर मोठी हॅट, हातात सिगारेट, जिभेला धार. कामगार त्यांना वचकून असत. आतली होपी चित्रे फ्रेड काबोटी या होपी चित्रकाराची.

हे सगळे सोंग नव्हे का, असे कोणी विचारील. काँक्रीटला पुरातन वेष चढवायचा! आक्षेप अगदीच पोकळ नाही. होपींची कला रेल्वे तिकिटांबरोबर विकली जात होती, हेही खरे. पण बाईंनी वाटाड्यांसाठी पुस्तिकाच लिहून हा बुरूज कोणत्याही एका अवशेषाची नक्कल नाही हे स्पष्ट केले. माझ्या मते त्यांनी जुनेपणापेक्षा जागेला अधिक मान दिला. १९३५ च्या 'ब्राइट एंजल लॉज'मधली शेकोटी पाहा. तळाशी नदीकाठचा खडक, त्यावर वरचा, असे करत दरीचे थर क्रमाने रचलेले. क्रम चुकू नये म्हणून भूशास्त्राच्या जाणकाराला विचारून घेतले. सह्याद्रीचे कडेही असेच थरांचे, पायऱ्यांसारखे. पण ते थर ओळीने मांडून दाखवणारी भिंत आपल्या एखाद्या माहिती केंद्रात माझ्या तरी पाहण्यात नाही.

श्रेयाबाबत मात्र बाई उपेक्षित राहिल्या. नकाशांवर रेल्वेच्या वास्तुकारांच्या सह्या, पाट्यांवर कंपनीचे नाव. याच नकाशांवरून अलीकडे उलटा वादही निघाला, की या इमारती त्यांच्या म्हणाव्यात तरी किती. १९४८ साली त्या निवृत्त झाल्या. विन्स्लो गावातले 'ला पोसाडा' हॉटेल त्यांचे फार लाडके. ते १९५७ मध्ये बंद पडले. पुढच्याच जानेवारीत, सांता फे शहरात, त्या वारल्या. ज्या इमारतीच्या सजावटीने सुरुवात झाली, ते आल्बुकर्कचे 'अल्वाराडो' १९७० मध्ये पाडले गेले. दरीकाठच्या चार वास्तूंना १९८७ साली राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, आणि १९९७ मध्ये 'ला पोसाडा'चे दरवाजे पुन्हा उघडले.