अनुदानाची अट आणि मुंडश्शेरींचा प्रश्न

शाळेचा खर्च सरकारी तिजोरीतून होत असेल तर त्या शाळेवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न राजधानीतील सत्तावर्तुळाला नवा नाही. मंत्रालयांच्या फायलींत तो अनुदानाच्या अटी म्हणून येतो, सर्वोच्च न्यायालयात घटनेच्या अनुच्छेद ३० चा अर्थ म्हणून येतो आणि राज्यांच्या राजकारणात स्वायत्ततेचा मुद्दा म्हणून येतो. स्वतंत्र भारतात या प्रश्नाची पहिली मोठी लढाई १९५७ ते १९५९ या काळात केरळात झाली. तिच्या केंद्रस्थानी होते जोसेफ मुंडश्शेरी. पेशाने प्राध्यापक, वृत्तीने साहित्य समीक्षक, जन्माने कॅथलिक आणि पदाने देशातील पहिल्या निर्वाचित कम्युनिस्ट राज्य सरकारचे शिक्षणमंत्री. त्यांच्या एका विधेयकाने राष्ट्रपतींना सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला घ्यायला लावले आणि पुढे संपूर्ण सरकारच्या बरखास्तीला जे आंदोलन कारणीभूत ठरले, त्याचे एक प्रमुख निमित्त पुरवले. मुंडश्शेरींचे नाव महाराष्ट्रात फारसे घेतले जात नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे धागे मात्र थेट आजच्या वादांपर्यंत येतात.

मुंडश्शेरींचा जन्म १७ जुलै १९०३ रोजी थ्रिसूरजवळील कंडश्शांकडवू या गावी झाला. थ्रिसूरच्या सेंट थॉमस महाविद्यालयातून त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. नंतर मद्रास विद्यापीठातून मलयाळम आणि संस्कृत या विषयांत पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. १९२८ पासून १९५२ पर्यंत ते त्याच सेंट थॉमस महाविद्यालयात अध्यापक होते. काव्यपीठिका, मानदंडम यांसारख्या ग्रंथांनी त्यांना मलयाळम समीक्षेच्या पहिल्या रांगेत नेऊन बसवले. चाळिसाच्या दशकात पुरोगामी लेखकांच्या चळवळीत असतानाच त्यांनी रूपभद्रतेचा, म्हणजे कलाकृतीच्या घाटाच्या सौष्ठवाचा, आग्रह धरला. आशय पुरोगामी असला की लेखन आपोआप श्रेष्ठ ठरते, ही समजूत त्यांनी नाकारली. पक्षीय शिस्तीला हे मानवण्यासारखे नव्हते आणि त्यावरून मोठे वाङ्मयीन वाद झडले. डाव्यांच्या जवळ असूनही स्वतःची मते राखणारा हा माणूस होता, हे त्यांच्या पुढील राजकारणाचा विचार करताना ध्यानात ठेवावे लागते.

चोवीस वर्षे त्यांनी चर्चच्या व्यवस्थापनाखालील संस्थेत शिकवले. खासगी शिक्षणसंस्थांचे गुण आणि दोष त्यांना अहवालांतून शिकावे लागले नाहीत. त्रावणकोर आणि कोचीन या संस्थानांत शिक्षणाचा जो प्रसार झाला, त्यात मिशनऱ्यांचा आणि पुढे नायर, ईळव, मुस्लिम अशा विविध समाजांच्या संस्थांचा वाटा निर्विवाद मोठा होता. शासनाचाही होता. त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाई यांनी १८१७ मध्येच शिक्षणाचा खर्च राज्याने उचलावा, असा आदेश काढला होता. पुढे अनुदानाची पद्धत रुळली. शाळा समाजाची, पैसा मोठ्या प्रमाणात सरकारचा आणि शिक्षक मात्र व्यवस्थापकाच्या मर्जीवर, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते. नेमणुकीसाठी पैसे मागितले जाणे, पगारपत्रकावर पूर्ण रकमेची सही घेऊन हाती कमी रक्कम ठेवणे, कारण न देता कामावरून दूर करणे, या तक्रारी सार्वत्रिक होत्या. महाराष्ट्रातील खासगी शिक्षणसंस्थांचा इतिहास ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना यातले काहीच अपरिचित वाटणार नाही.

हा प्रश्न कम्युनिस्टांनी उकरून काढला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी १९४५ च्या सुमारास प्राथमिक शिक्षण सरकारच्या ताब्यात आणण्याचा प्रयत्न केला, तेव्हाही चर्चने त्याला कडाडून विरोध केला होता. काँग्रेसच्या राजवटीत पनंपिळ्ळी गोविंद मेनन यांनाही खासगी शाळांतील शिक्षकांच्या वेतनाचा प्रश्न हाती घ्यावा लागला होता. मुंडश्शेरींनी या विखुरलेल्या प्रयत्नांना एका सर्वंकष कायद्याचे रूप दिले.

ते १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीन विधानसभेत निवडून गेले होते. भाषावार प्रांतरचनेनंतर केरळ राज्य अस्तित्वात आले आणि १९५७ च्या निवडणुकीत १२६ पैकी ६० जागा जिंकून, अपक्षांच्या साहाय्याने, कम्युनिस्ट पक्ष सत्तेवर आला. ५ एप्रिल १९५७ रोजी ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला आणि मुंडश्शेरींकडे शिक्षण व सहकार ही खाती आली. शिक्षण तेव्हा घटनेच्या राज्यसूचीत होते. ते समवर्ती सूचीत गेले १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. राज्याला आपल्या अखत्यारीत कायदा करण्याची पुरेशी मोकळीक होती. तीन महिन्यांतच, जुलै १९५७ मध्ये, केरळ शिक्षण विधेयक विधानसभेत आले आणि २ सप्टेंबर रोजी ते संमत झाले.

या विधेयकाचा गाभा तीन तरतुदींत होता. अनुदानित शाळांतील शिक्षकांचे वेतन सरकार थेट देणार होते. शिक्षकांची निवड लोकसेवा आयोगाने तयार केलेल्या जिल्हावार यादीतूनच करणे व्यवस्थापकावर बंधनकारक होणार होते आणि त्या यादीत मागास समाजांना आरक्षण मिळणार होते. तिसरी तरतूद सर्वांत वादग्रस्त होती. व्यवस्थापनाने कर्तव्यात कसूर केल्यास शाळेचा कारभार पाच वर्षांपर्यंत सरकारला हाती घेता येणार होता, आणि शिक्षणाचे प्रमाणीकरण वा साक्षरतेचा प्रसार अशा कारणांसाठी एखाद्या भागातील अनुदानित शाळांचा संपूर्ण वर्गच भरपाई देऊन सरकारकडे घेता येणार होता.

पहिल्या दोन तरतुदी शिक्षकाला संरक्षण देणाऱ्या होत्या. तिसरी सरकारला शस्त्र देणारी होती. शिक्षक संघटनांनी विधेयकाचे स्वागत केले. चर्च आणि मन्नत्तु पद्मनाभन यांच्या नेतृत्वाखालील नायर सर्व्हिस सोसायटी यांना मात्र तिसऱ्या तरतुदीत पहिल्या दोहोंचाही खरा हेतू दिसला. विधेयकात राज्य शिक्षण सल्लागार मंडळाची आणि स्थानिक शिक्षण प्राधिकरणांची तरतूद होती, याकडे त्या गदारोळात फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. सरकार आणि व्यवस्थापक या दोघांपलीकडे पालक व गावकरी असा तिसरा दावेदार असू शकतो, ही शक्यता त्या कलमांत होती. पण सत्ताधाऱ्यांनी ती कधी पुढे केली नाही आणि विरोधकांनी तिची दखल घेतली नाही.

राज्यपाल बी. रामकृष्ण राव यांनी विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी अनुच्छेद १४३ अन्वये सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले. राज्याची बाजू मांडण्यासाठी डी. एन. प्रिट हे नामवंत ब्रिटिश बॅरिस्टर दिल्लीत आले. २२ मे १९५८ रोजी सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांच्या अध्यक्षतेखालील सात न्यायमूर्तींच्या पीठाने दिलेले मत आजही या विषयातील मूलाधार मानले जाते. अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा अधिकार आहे, त्यात गैरकारभार करण्याचा अधिकार येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. वेतन थेट देणे आणि आयोगाच्या यादीतून शिक्षक निवडणे या तरतुदी अधिकारावर गंभीर आघात करतात हे मान्य करूनही, अनुदानाच्या अटी म्हणून बहुमताने त्या ग्राह्य धरल्या. शाळा ताब्यात घेण्याच्या तरतुदी मात्र अल्पसंख्याकांच्या शाळांपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. अनुदानाच्या मोबदल्यात मूलभूत अधिकारच सोडून द्यावा लागेल अशी अट राज्याला घालता येणार नाही, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले.

न्यायालयीन तराजूत पाहिले तर मुंडश्शेरींना हवे असलेले बरेच काही मिळाले होते. सुधारित विधेयक नोव्हेंबर १९५८ मध्ये पुन्हा संमत झाले, फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ जून १९५९ पासून कायदा अमलात आला. परंतु तोवर लढाई न्यायालयातून रस्त्यावर आली होती. जूनमध्ये शाळा उघडूच नयेत, असा पवित्रा खासगी व्यवस्थापनांनी घेतला. चर्च, नायर सर्व्हिस सोसायटी, मुस्लिम लीग आणि काँग्रेस यांनी १२ जूनपासून विमोचन समरम, म्हणजे मुक्तिसंग्राम, पुकारला. शाळांबरोबरच जमीन सुधारणांनी दुखावलेले हितसंबंध आणि कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या दांडगाईविषयीचा रोष हेही त्यामागे होतेच. पाठ्यपुस्तकांतून साम्यवादी प्रचार होत असल्याचा आरोप गावोगावी पोहोचला. १३ जून रोजी अंगमाली येथे पोलिसांच्या गोळीबारात सात जण मृत्युमुखी पडले. पुढच्या गोळीबारांनी वातावरण आणखी पेटले. पंडित नेहरू जूनअखेर केरळात जाऊन आले. काँग्रेसच्या अध्यक्षा तेव्हा इंदिरा गांधी होत्या. ३१ जुलै १९५९ रोजी अनुच्छेद ३५६ चा वापर करून विधानसभेत बहुमत असलेले नंबुद्रिपाद सरकार बरखास्त करण्यात आले.

मुंडश्शेरींचे नेमके काय चुकले? विधेयकाचा पहिला भाग न्याय्य होता, यावर पुढे शिक्कामोर्तब झाले. पण ज्या संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या शाळा उभ्या केल्या, त्यांच्या मनातील भीती ही केवळ हितसंबंधांची ओरड आहे, असे त्यांनी आणि त्यांच्या पक्षाने मानले. सरकारी नियंत्रण म्हणजेच लोकांचे नियंत्रण, हे समीकरण त्यांनी गृहीत धरले. आशय पुरोगामी असला म्हणून कृती निर्दोष ठरत नाही, हे साहित्यात ठणकावणाऱ्या समीक्षकाने आपल्या विधेयकाला तोच निकष लावला असता, तर शाळा ताब्यात घेण्याची कलमे कदाचित आरंभीच वगळली गेली असती आणि शिक्षकांचे संरक्षण निर्विवाद पदरात पडले असते.

१९६० च्या निवडणुकीनंतर पट्टम थानु पिल्लै यांच्या आघाडी सरकारने कायद्यात दुरुस्ती करून नेमणुकीचा अधिकार पुन्हा व्यवस्थापकांना दिला. थेट वेतनाची तरतूद टिकली. तिजोरी सरकारची, निवड व्यवस्थापकाची, ही तडजोड केरळात त्यानंतर रुजली. मुंडश्शेरी पुन्हा मंत्री झाले नाहीत. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या कोचीन विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून त्यांनी काम केले आणि २५ ऑक्टोबर १९७७ रोजी त्यांचे निधन झाले. कोळिञ्ञ इलकळ, म्हणजे गळलेली पाने, हे त्यांचे आत्मचरित्र मलयाळम वाचकांच्या आदरास पात्र ठरले आहे.

त्यांचा प्रश्न मात्र गळून पडला नाही. पश्चिम बंगालमधील अनुदानित मदरशांसाठी शिक्षक निवडणारा आयोग सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये वैध ठरवला. मुंडश्शेरींच्या यादीचे ते जणू उत्तरायुष्य होते. महाराष्ट्राने २०१७ मध्ये अनुदानित खासगी शाळांतील शिक्षकभरतीसाठी पवित्र प्रणाली आणली, तेव्हा संस्थाचालकांचा आक्षेप साठ वर्षांपूर्वीच्या केरळातील व्यवस्थापकांसारखाच होता. शिक्षणहक्क कायद्यातून अल्पसंख्याक शाळांना वगळणाऱ्या २०१४ च्या निकालाचा फेरविचार व्हावा, असे सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने सुचवले. ते ज्या प्रकरणात, ते महाराष्ट्रातूनच आलेले होते.

सर्वांत मोठा विरोधाभास स्वतः केरळने अनुभवला. पीएम श्री योजनेत सामील न झाल्यामुळे समग्र शिक्षा अभियानाचा केंद्रीय निधी अडवला जातो, अशी तक्रार केरळ, तमिळनाडू आणि पश्चिम बंगाल या राज्यांनी केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केरळच्या डाव्या आघाडी सरकारने या योजनेच्या करारावर सही केली आणि घटक पक्ष भाकपच्या तीव्र आक्षेपानंतर काही दिवसांतच तिची अंमलबजावणी थांबवण्याचा निर्णय घेतला. पैसा देणाऱ्याने अट घालावी, हे सूत्र १९५७ मध्ये तिरुवनंतपुरमने व्यवस्थापकांपुढे ठेवले होते. आता दिल्ली तेच सूत्र तिरुवनंतपुरमपुढे ठेवत होती.

म्हणूनच १९५८ च्या न्यायालयीन मताचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच महत्त्वाचा ठरतो. अनुदानाबरोबर जबाबदारी येते, हे खरे. पण अनुदानाच्या बळावर दुसऱ्याचा घटनादत्त अधिकार विकत घेता येत नाही, हेही तितकेच खरे. ही मर्यादा व्यवस्थापकापुढे राज्याला लागू असेल, तर राज्यापुढे केंद्राने तिचा विचारच करू नये, याचे समर्थन करणे अवघड आहे. अनुदानाच्या अटींचा मसुदा करणाऱ्यांनी, मग ते मुंबईत बसत असोत वा दिल्लीत, मुंडश्शेरींच्या विधेयकातील न्याय्य कलमांबरोबर त्यातील अडलेली कलमेही एकदा वाचलेली बरी.