जमशेटजी टाटा आणि नवी चाती

यंत्र कितीही उत्तम असलें तरी तें आपण होऊन कारखान्यांत शिरत नाहीं; त्यास दार उघडणारा मनुष्य असावा लागतो. जमशेटजी नसरवानजी टाटा हे असे पुरुष होते.

त्यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजीं गुजराथेंतील नवसारी येथें एका पारशी पुरोहित घराण्यांत झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून ते वडिलांच्या व्यापारांत पडले. पुढें त्यांनीं लँकेशायरच्या सूतगिरण्या स्वतः पाहिल्या, १८७४ सालीं १५ लक्ष रुपये भांडवलाची कंपनी काढली व १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. आरंभींच्या स्वस्त यंत्रांवर सूत मनासारखें निघेना, तेव्हां तीं काढून त्यांनीं चांगलीं यंत्रें आणविलीं. गिरणी भरभराटीस आली.

खरी परीक्षा पुढेंच होती. कारण तोट्यांतला मनुष्य नवें करून पाहतो, नफ्यांतल्यास जुनें सोडवत नाहीं. त्या काळीं लँकेशायरांत म्यूल यंत्राचा बोलबाला होता. म्यूल आधीं सूत ओढून पीळ देतें व मग तें गुंडाळतें. अमेरिकेंत निघालेल्या रिंग फ्रेममध्यें हीं कामें अखंड चालतात. लँकेशायरचे गिरणीवाले तिजकडे संशयानें पाहत. तेथें म्यूल चालविणारे कुशल कामगार मुबलक होते व बारीक सुतास म्यूलच सोईचें पडे. नागपुरची गोष्ट निराळी होती. तेथें सूत जाडें व कामगार नवशिके.

जमशेटजी परक्यांच्या मताला दबले नाहींत, आणि नवलाईला भुललेही नाहींत. १८८३ च्या सुमारास त्यांनीं प्रयोगापुरत्याच फ्रेमा मागविल्या. जेम्स ब्रुक्सबी यांनीं चात्यांचा वेग वाढवीत नेऊन त्या कसून पाहिल्या. खात्री पटतांच जमशेटजींनीं जुन्या यंत्रांच्या जागीं रिंगा बसविल्या. लँकेशायरांत मात्र म्यूल विसाव्या शतकांतही दीर्घकाळ फिरत राहिलें.

१९ मे १९०४ रोजीं जर्मनींत जमशेटजींचा अंत झाला. एम्प्रेस मिलही आज चालू नाहीं. तथापि विद्यार्थिमित्रांनो, नवें साधन पुढें येतांच त्यास हंसणारे व त्यामागें धांवणारे असे दोन्ही प्रकारचे लोक आपणांस भेटतील. अशा वेळीं जमशेटजींची रीत ध्यानांत ठेवावी : आधीं थोडक्यांत पारखावें, आणि पटलें कीं मग कचरूं नये.