कार्व्हरची रूम

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत असतानाच वाचलंय. त्यातला शेंगदाणा सगळ्यांना आठवतो. मला मात्र आठवते त्याची रूम. होस्टेलवर राहणाऱ्याला दुसरं काय सुचणार म्हणा!

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर साधारण १८६४ साली अमेरिकेतल्या मिसुरीत गुलाम आईच्या पोटी जन्मला. शाळेसाठी गावोगाव भटकला, लोकांकडे स्वयंपाक केला, कपडे धुतले. कॅन्ससमधल्या हायलँड कॉलेजने त्याला पत्राने प्रवेश दिला आणि मुलगा काळा आहे हे बघून दारातूनच परत पाठवला. पुढे १८९० मध्ये आयोवातल्या सिम्प्सन कॉलेजात तो चित्रकला शिकला. राहायला एक खोपटं, आणि पोटापाण्याला इतर मुलांची धुणी.

१८९१ मध्ये तो एम्सच्या शेतकी कॉलेजात आला. हीच आजची आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी. तिथला तो पहिला काळा विद्यार्थी. ॲडमिशन मिळाली, पण होस्टेलला जागा नाही! मेसमध्ये गोऱ्या मुलांच्या पंगतीला बसायचं नाही. तळघरात, शेतावरच्या गड्यांबरोबर जेवायचं. शेवटी प्रोफेसर जेम्स विल्सन यांनी आपलं जुनं ऑफिस त्याला राहायला दिलं.

जेवणाचं मिटवलं ते लिस्टनबाईंनी. सिम्प्सनच्या गावातल्या या गोऱ्या बाई ठेवणीतले कपडे घालून रेल्वेने एम्सला आल्या, त्याच्याबरोबर सगळ्या कॅम्पसभर फिरल्या आणि तळघरात त्याच्याच शेजारी बसून जेवल्या. त्यानंतर वातावरण बरंच निवळलं. मला वाटतं, अर्ज-विनंत्यांनी जे झालं नसतं ते त्या एका जेवणाने केलं.

१८९४ ला पदवी, १८९६ ला मास्टर्स. मधल्या काळात तो तिथेच शिकवूही लागला. मग बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून टस्कीगीला गेला. आणि गंमत बघा, तिथे बाकीचे अविवाहित मास्तर एका खोलीत दोघं, याला एकट्याला दोन खोल्या! स्टाफमध्ये कुरबुर झालीच. १९४३ मध्ये वारला तोपर्यंत तो टस्कीगीचाच होता.

एम्सला मात्र त्याच्यानंतरही काळ्या मुलांना होस्टेल सुखासुखी मिळत नव्हतं. १९२० च्या दशकात आर्ची आणि नॅन्सी मार्टिन या काळ्या जोडप्याने त्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं. आता त्याच कॅम्पसवर एका होस्टेलला मार्टिन दांपत्याचं नाव आहे.