शाहू महाराज : धंद्याचे पहिले गिऱ्हाईक

वाचकहो, राजर्षी शाहू महाराजांचे नाव आपल्या घरांत आदराने घेतले जाते. कोल्हापुरात १९०६ साली स्थापन झालेल्या मुस्लिम शिक्षणसंस्थेचे अध्यक्षपद त्यांनी स्वतः स्वीकारले, हे आपण जाणताच. परंतु मुलाला दुकान घालून देण्याच्या विचारात असलेल्या पालकांनी या राजाच्या चरित्राची आणखी एक बाजू पाहावी.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेला हा मुलगा १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला. १८९४ मध्ये राज्याची सूत्रे हाती येताच दुसऱ्याच वर्षी त्यांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. जागेची निवड पाहा. मिरजेहून रेल्वे १८९१ मध्ये कोल्हापुरात पोहोचली होती आणि नवी पेठ स्थानकाला लागूनच उभी राहिली. गुळासारखा जड माल दूरवर न्यायचा, तर पेठ मालाच्या वाटेवरच हवी. १९१७ मध्ये वसवलेले जयसिंगपूरही याच लोहमार्गावर आहे. आपल्यातील पुष्कळ जण दुकानाची जागा केवळ भाडे पाहून ठरवतात, आणि मग गिऱ्हाईक येत नाही म्हणून नशिबाला बोल लावतात!

पेठा वसवणे राजाला शक्य होते, असे आपण म्हणाल. म्हणून आता एका लहान दुकानाकडे वळू.

महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे सेवक होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचा माणूस पाण्याच्या हौदाला शिवला, एवढ्यावरून त्यांना निर्दय मारहाण झाली. गाऱ्हाणे कानी येताच महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले. मात्र ते तेथेच थांबले नाहीत. गंगारामांना चाकरीतून मोकळे करून त्यांनी स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले व साहाय्यही दिले. भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान उघडले. रस्ता वर्दळीचा होता, दुकान नीटनेटके होते. तरीही वरच्या म्हणवणाऱ्या जातींचे लोक तेथील कपाला हात लावीनात.

भांडवल होते, जागा होती, कष्टाची तयारी होती. उणीव होती ती गिऱ्हाइकाची, आणि ती उपदेशाने भरून निघणारी नव्हती. महाराजांनी आपली गाडी त्या दुकानापुढे उभी केली, चहा मागवला, भर रस्त्यात स्वतः घेतला आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावला. राजाने घेतलेला चहा नाकारणार कोण? हे एकदाच घडले नाही. महाराज तेथे पुन्हा पुन्हा थांबत राहिले.

येथे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांची आठवण होते. हिजरतीनंतर मदीनेत हजरत सअद बिन रबी (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी आपल्या भावासाठी दुआ केली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. सुकवलेले दही आणि तूप यांच्या विक्रीपासून त्यांनी आरंभ केला. स्वाभिमानी माणसाला दानापेक्षा बाजारात उभे राहण्याची संधी हवी असते.

आपल्या मोहल्ल्यात एखादा तरुण दुकान काढतो, तेव्हा आपण त्याला मुबारकबाद देतो, क्वचित कर्जेहसनाही देतो. महिन्याचा किराणा मात्र बहुधा दुसरीकडूनच येतो. अर्थात त्याचे माप चोख नसेल, माल निकृष्ट असेल, तर आपुलकीने आलेले गिऱ्हाईकही टिकणार नाही. राजाने माणसे दारापर्यंत आणली; ती पुन्हा यावीत यासाठी चहा चांगला करण्याचे काम गंगारामांचेच होते.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. पुढे कोल्हापुरात त्यांचे स्मारक उभारण्यासाठी पुढाकार घेणाऱ्यांत हेच चहावाले गंगाराम कांबळे होते.